कालवा बंद केला, तरी विहीर होतीच

खोंड का बडवतात, हे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. माजावर आलेला खोंड औताला नीट चालत नाही. तो एकदा बडवला की काही महिन्यांत त्याचा माज उतरतो, अंगाची ठेवण बैलाची होते, वळूची राहत नाही. पूर्वी हे काम गावातच व्हायचे, आता पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने होते. वृषणातून काहीतरी रक्तात उतरते, ते साऱ्या अंगभर फिरते आणि ते थांबले की अंग बदलते, एवढे ज्ञान गोठ्यात पिढ्यान् पिढ्या होते. माणसाच्या कर्करोगावर त्याचा नेमका उपयोग करून दाखवला तो शिकागोच्या एका सर्जनने, १९४१ साली. त्यांचे नाव चार्ल्स ब्रेंटन हगिन्स.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. उतारवयात ती वाढते. बहुतेकांत ही वाढ साधी असते, काहींत मात्र कर्करोग होतो. हा रोग बराच काळ गुपचूप चालतो आणि मणक्यात, कमरेच्या हाडांत पोचला की दुखू लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातला सत्तरीचा माणूस कंबर धरून बसला, तर घरच्यांना त्यात नवल वाटत नाही. जन्मभर उसाला पाणी दिले, पोती वाहिली, कंबर दुखणारच. मलम, पट्टा, वेदनाशामक गोळ्या यांत चार-सहा महिने जातात. मग कोणीतरी रक्तातले पीएसए तपासायला सांगतो, आकडा शेकड्यांत येतो, आणि डॉक्टर दोन वाटा सांगतात. एक, छोटी शस्त्रक्रिया करून दोन्ही वृषणे काढायची. दुसरी, तेच काम करणारे इंजेक्शन दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे. घरात शांतता पसरते ती इथे. बैलाचे ठाऊक असल्यामुळेच ही सूचना आपल्याकडे जरा जास्त बोचते.

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. मुलगा हुशार. १९२० साली अकेडिया विद्यापीठाची पदवी, १९२४ साली हार्वर्डची वैद्यकीय पदवी, मग मिशिगनमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण. तिथेच शस्त्रक्रियागृहातील परिचारिका मार्गारेट वेलमन यांच्याशी ओळख झाली आणि १९२७ साली दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाचे नवे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहत होते. त्याच्या अगदी पहिल्या अध्यापकांमध्ये पंचविशीचे हगिन्स होते.

शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॅलस फेमिस्टर यांना मूत्रविकारांचा सर्जन हवा होता आणि तो मिळत नव्हता. त्यांनी हे काम हगिन्स यांच्याकडे सोपवले. हगिन्स यांना त्या विषयाचे खास शिक्षण नव्हते. त्यांनी पुस्तके समोर घेतली आणि विषय शिकून घेतला. आपल्याकडेही नवे महाविद्यालय उघडले की असेच होते, ज्याला जो विभाग मिळेल तो त्याचा. फरक एवढाच, की मिळालेला विभाग हगिन्स यांनी तक्रार न करता इतका खोल खणला की पुढची सत्तर वर्षे त्याला पाणी लागत राहिले.

सुरुवातीला त्यांचे मन हाडांत होते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा दुसऱ्या जागी लावला तर तिथे हाड तयार होते, हे त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले. हाड कसे घडते हे समजून घ्यायला ते १९३१ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे गेले. हाडांच्या घडणीत फॉस्फेटेज या विकराचा वाटा असतो, हे रॉबिसन यांचे काम. तिथून बर्लिनला ओटो वारबुर्ग यांची प्रयोगशाळा. परतताना सर्जनच्या हाती रसायनशास्त्र आले होते. प्रोस्टेटच्या द्रवात आम्लधर्मी फॉस्फेटेज भरपूर असते, हे तिशीच्या दशकात कळले. न्यूयॉर्कचे अलेक्झांडर गटमन यांनी दाखवले की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की हेच विकर रक्तातही वाढते. म्हणजे पोटात न शिरता, हाड न कापता, नुसत्या रक्ताच्या थेंबावरून रोगाचा चढउतार मोजता येणार होता. आजच्या पीएसएचा हा थोरला भाऊ.

हगिन्स यांनी कुत्रे निवडले. माणसाप्रमाणे म्हातारपणी प्रोस्टेट वाढणारा प्राणी म्हणजे कुत्रा. त्यांनी एक शस्त्रक्रिया बसवली. तिच्यामुळे प्रोस्टेटचा द्रव मूत्रात न मिसळता वेगळा गोळा करता येई. तो रोज मोजायचा. वृषणे काढली की द्रव आटायचा. पुरुष हार्मोन टोचले की पुन्हा सुटायचा. स्त्री हार्मोन दिले की पुन्हा आटायचा. एखाद्या पाटाचे दार उघडावे-मिटावे तसा हा प्रकार होता. म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी काहींची प्रोस्टेट आधीच सुजलेली, गाठाळलेली असे. प्रयोगाच्या दृष्टीने ती अडचणच होती. हगिन्स यांनी ती टाकून दिली नाही. वृषणे काढल्यावर या वाढलेल्या ग्रंथीही आक्रसतात, हे त्यांच्या लक्षात आले, आणि मोजमापाचे काम पाहता पाहता रोगाच्या उपचाराकडे वळले.

वृषण आणि प्रोस्टेट यांचे नाते पूर्वी कोणाला माहीत नव्हते असे नाही. अठराव्या शतकात लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी बडवलेल्या जनावरांची प्रोस्टेट लहान राहते, हे नोंदवले होते. फिलाडेल्फियाचे जे. विल्यम व्हाइट यांनी १८९० च्या दशकात प्रोस्टेटच्या साध्या वाढीवर वृषणे काढण्याचा उपाय सुचवला, तो काही काळ चालला आणि मागे पडला. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली स्तनाच्या कर्करोगात बीजांडकोश काढून गाठी कमी झाल्याचे दाखवले होते. पण कर्करोग ही शरीराचे कायदे न पाळणारी, स्वतःच्या मर्जीने वाढणारी गोष्ट आहे, अशीच वैद्यकाची समजूत होती. कर्करोगाच्या पेशीलाही शरीरातल्या हार्मोनचा आधार लागू शकतो, तो काढला की ती उपाशी पडते, हे रक्तातल्या आकड्यानिशी सिद्ध करायचे राहिले होते.

ते १९४१ साली झाले. क्लॅरेन्स हॉजेस हा त्या वेळी वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याच्यासह हगिन्स यांनी हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांची वृषणे काढली किंवा त्यांना स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री हार्मोन दिले, आणि रक्तातले आम्लधर्मी फॉस्फेटेज झपाट्याने उतरताना पाहिले. पुरुष हार्मोन टोचले की ते चढत असे. त्याच वर्षी २१ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. हे सारे रोग फार पुढे गेलेले रुग्ण होते. दुखण्याने खाटेला खिळलेली माणसे काही दिवसांत उठून बसू लागली. भूक परत आली, वजन वाढले, मॉर्फिनची गरज राहिली नाही. त्या २१ पैकी चौघे बारा वर्षांहून अधिक जगले. पसरलेल्या कर्करोगाला गोळी देऊन आवर घालता येतो, हेही स्टिलबेस्ट्रॉलमुळे प्रथमच इतके ठळकपणे दिसले. पुढे याच गोळीने रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकार वाढतात असे कळले आणि तिचा वापर उतरला.

उरलेल्या सतरा जणांचे काय, हा प्रश्न हगिन्स यांच्या मनातून गेला नाही. दुखणे थांबे, महिने बरे जात, एखादे-दुसरे वर्ष जाई आणि रोग पुन्हा डोके वर काढी. वृषणे तर काढलेली. मग हा ऊस कोणत्या पाण्यावर वाढतो आहे?

इंदापूरच्या बागायतदाराला हे कोडे पडणार नाही. कालव्याचे आवर्तन बंद झाले म्हणून ऊस लगेच वाळत नाही, कारण शेतात विहीर असते. शरीरातही तशी विहीर आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. पुरुष हार्मोनचा मोठा ओघ, साधारण नव्वद टक्क्यांच्या वर, वृषणांतून येतो. उरलेला झरा ॲड्रिनलमधल्या कच्च्या मालापासून बनतो. तो थोडा असला तरी उपाशी पेशीला पुरतो.

हगिन्स यांनी विहीरही बुजवायचे ठरवले. १९४५ साली त्यांनी आणि विल्यम स्कॉट यांनी काही रुग्णांच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काढल्याचे प्रसिद्ध केले. विचार बरोबर होता, वेळ चुकीची होती. ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉलही बनवते. ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा कोणत्याही ताणात रक्तदाब टिकवून माणसाला जगवणारे ते हार्मोन. ते बाहेरून देण्याची सोय तेव्हा नव्हती. रुग्ण कर्करोगाने जाण्याआधी कॉर्टिसॉलच्या अभावाने गेले. एका मोठ्या सर्जनच्या चरित्रात हे पान सहसा घाईने उलटले जाते. तसे करू नये. शेवटच्या अवस्थेतल्या माणसांवर केलेला तो धाडसी आणि महाग पडलेला प्रयोग होता, आणि आज मिळणाऱ्या गोळीचा रस्ता त्याच पानावरून जातो.

१९४६ साली जॉन्स हॉपकिन्सने त्यांना मूत्रविकार विभागाचे प्रमुखपद दिले. मानाची जागा. ते गेले आणि थोड्याच काळात शिकागोला परतले. समित्या, बैठका, पदे यांत त्यांचा जीव रमत नसे. स्वतःच्या हाताने प्रयोग करावा, भोवती चार-दोन तरुण असावेत, एवढे त्यांना पुरे होते. १९५१ साली अलाबामातील लाकूडव्यापारी बेन मे यांच्या देणगीतून कर्करोग संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि हगिन्स तिचे संचालक झाले. तोवर कॉर्टिसोन औषध म्हणून मिळू लागले होते. त्याचा आधार देऊन त्यांनी आणि डेलबर्ट बर्गेनस्टाल यांनी ॲड्रिनल काढण्याची शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केली. या वेळी रुग्ण तगले. स्तनाच्या कर्करोगात काही स्त्रियांना चांगला गुण आला. प्रोस्टेटमध्ये मात्र मनासारखे यश आले नाही. त्यांच्याच प्रयोगशाळेत एल्वुड जेन्सन यांनी पेशीतला इस्ट्रोजेनचा ग्राहक शोधला आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार बदलले, पण ती वेगळी कथा आहे.

नोबेल पारितोषिक मिळायला १९६६ साल उजाडले, म्हणजे शोधाला पंचवीस वर्षे झाली होती. पारितोषिक विभागून मिळाले. दुसरे मानकरी पेटन राऊस यांनी कोंबड्यांतला कर्करोग विषाणूमुळे होतो हे १९११ साली दाखवले होते, ते तेव्हा ८७ वर्षांचे होते. त्यांच्या मानाने हगिन्स यांची वाट आखूडच. त्याआधी, १९२६ चे कर्करोगासाठीचे नोबेल ज्या शोधाला दिले तो पुढे चुकीचा ठरला होता, त्यामुळे निवड समिती बहुधा ताकही फुंकून पीत असावी.

विहिरीचा प्रश्न दुसऱ्या एका कॅनडियनाने हाती घेतला. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वृषणांना हार्मोन बनवण्याचा हुकूम देते. त्या हुकमाची साखळी जिथून सुरू होते त्या रेणूची रचना १९७१ साली अँड्र्यू शॅली यांच्या गटाने उलगडली. त्याच्यासारखेच औषध सतत टोचत राहिले तर पियुषिका थकून गप्प होते आणि वृषणे शस्त्राशिवाय बंद पडतात. क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठातील फेर्नां लाब्री यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या इंजेक्शनला फ्लुटामाइड गोळीची जोड दिली. ॲड्रिनलमधून आलेले हार्मोन कर्करोगाच्या पेशीत ज्या कुलपाला किल्ली लावते, ते कुलूपच ही गोळी अडवून धरते. कालवा इंजेक्शनने बंद, विहिरीच्या पाण्याला शेताच्या बांधावर अटकाव. यालाच संयुक्त हार्मोन-रोध म्हणतात.

लाब्री यांचे दावे मोठे होते. १९८९ सालच्या अमेरिकी चाचणीत नुसत्या इंजेक्शनवर रुग्ण सरासरी २८ महिने तर गोळीच्या जोडीने ३५ महिने जगले, तेव्हा जगभर उत्साह पसरला. १९९८ साली वृषणे काढलेल्या रुग्णांवर तीच गोळी तपासली, तेव्हा फरक जवळजवळ दिसला नाही. २००० साली २७ चाचण्यांतील ८,२७५ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण एका उपचारावर २३.६ टक्के, जोडउपचारावर २५.४ टक्के. दोन टक्क्यांहूनही कमी. वर जुलाब, यकृताला त्रास आणि खर्च. गोळीचा एक उपयोग मात्र निर्विवाद राहिला. इंजेक्शनच्या पहिल्या आठवड्यात पियुषिका गप्प होण्याआधी खवळते, पुरुष हार्मोन उलट वाढते. मणक्यात रोग असलेल्याच्या मज्जारज्जूवर त्यामुळे दाब येऊ शकतो. म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि नंतर काही आठवडे बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात. ती डॉक्टरांनी दिली असेल तर उगाच वाढवलेली म्हणून टाळू नये. वृषणे काढणाऱ्याला ही भीती नसते, हार्मोन एका दिवसात तळाला जाते. त्यातच एकदाचा खर्च आणि फेऱ्या नाहीत, म्हणून भिगवण किंवा बावड्याकडच्या आजोबांना तीच वाट सोयीची पडू शकते.

हगिन्स यांनी हे वाद लांबून पाहिले. १९७२ ते १९७९ ते आपल्या जुन्या अकेडिया विद्यापीठाचे कुलपती होते. १९८३ साली मार्गारेट गेल्या. उतारवयातही ते प्रयोगशाळेत जात राहिले. १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ९५ वर्षांचे होते. त्या दिवशी कोणी विचारले असते तर विहिरीचा हिशेब फसला, असेच उत्तर मिळाले असते.

तो फसला नव्हता. लंडनमध्ये ॲबिराटेरॉन नावाचे औषध तोवर तयार झाले होते, पण रुग्णांपर्यंत पोचायला वेळ लागला. हे औषध पुरुष हार्मोन बनवणारे विकरच बंद करते, वृषणातले आणि ॲड्रिनलमधलेही. पुढे कळले की तिसरा झरा आहे. उपाशी गाठ स्वतःच आपल्यापुरते हार्मोन बनवू लागते. ॲबिराटेरॉन तिथेही पोचते. २०१७ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदम आले. वृषणांचा पुरवठा तोडण्याबरोबरच सुरुवातीपासून ॲबिराटेरॉन दिले, तर मृत्यूचा धोका एक तृतीयांशाहून जास्त घटला. १९४५ साली शस्त्राने जमले नाही ते काम गोळीने झाले.

ही गोळी आता आपल्याकडे जेनेरिक स्वरूपात मिळते आणि किंमत पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरली आहे. सरकारी योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे, पाहुण्यांकडून उसने काढण्याआधी. ती रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. भरल्या पोटी ती रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरते. पुरुष हार्मोन गेल्याने अंगात गरम वाफा येतात, स्नायू उतरतात, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढू शकते, कामेच्छा जाते आणि काहींचे मन खचते. आवाज बायकी होत नाही, मिशी गळत नाही, ही भीती मनातून काढावी. रोज चालावे, साखर व हाडांची तपासणी करावी. पाय अचानक लुळे पडले, लघवी अडली किंवा कमरेखाली बधिरता आली, तर उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर पोचायची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मज्जारज्जू वाचवायला मोजके तास मिळतात.

आणि दुखणे थांबले म्हणून इंजेक्शन बंद करणारे बरेच असतात. पुढची तारीख ऊसतोडीत येते, आजोबा बरे दिसतात, पैसे दुसरीकडे लागतात. कालव्याचे दार उघडे राहिले की काय होते ते हगिन्स यांच्या कुत्र्यांत दिसले होते.

ॲबिराटेरॉनच्या पाकिटासोबत प्रेडनिसोलोन ही एक छोटी स्वस्त गोळी दिली जाते. स्टेरॉइड म्हणून तिचे नाव ऐकताच घरातले कोणीतरी ती बाजूला काढते. ॲबिराटेरॉनमुळे ॲड्रिनलचे कॉर्टिसॉल घटते, पियुषिका ती कसर भरून काढायला ग्रंथीला डिवचत राहते, मग रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, पायांवर सूज येते. प्रेडनिसोलोन ती कसर भरते. १९४५ साली हगिन्स यांच्या रुग्णांकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती. डॉक्टरांना न विचारता ती सोडू नये, आणि कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ती चालू आहे हे आधी सांगावे.